परीक्षेचं इंग्रजी झालं, वॉर्डातलं रोजचं इंग्रजी कसं शिकू?

मिरजेची_प्राजक्ता

नमस्कार मंडळी. मी स्टाफ नर्स आहे. मिरजेत बरीच वर्षं ऑर्थो म्हणजे हाडांच्या वॉर्डात काढली आणि गेल्या हिवाळ्यात इंग्लंडला, साउथ यॉर्कशायरमधल्या एका हॉस्पिटलात आले. ओईटीत, म्हणजे आरोग्य क्षेत्रातल्यांसाठीच्या इंग्रजीच्या परीक्षेत, लिसनिंग, रीडिंग, स्पीकिंग तिन्हीला बी ग्रेड होती, ओस्की ही प्रात्यक्षिक परीक्षा पार पडली, एनएमसीचा, म्हणजे इथल्या नर्सिंग कौन्सिलचा, पिन (नोंदणी क्रमांक) हातात आला. इंग्रजीचं गाडं मार्गी लागलं असं वाटत होतं. वॉर्डात आल्यावर कळलं की डॉक्टरांचं बोलणं समजतं, फाइलमधलं सगळं समजतं, पण पेशंटचं समजत नाही. आणि माझं काम तर पेशंटजवळ.

परवाचंच सांगते. माझ्या बेमध्ये (वॉर्डातल्या काही खाटांच्या भागात) एक आजोबा आहेत, ऐंशीच्या पुढचे, खुब्याचं ऑपरेशन झालेले. मला म्हणाले, ‘आयम स्टार्व्हड, लव्ह.’ जेवणाची ट्रॉली नुकतीच फिरून गेली होती आणि आजोबांनी ताट चाटूनपुसून साफ केलेलं मी स्वतः पाहिलं होतं. मी विचारात पडले. तेवढ्यात आमची हेल्थकेअर असिस्टंट पलीकडून आली, एक जादा ब्लँकेट काढलं आणि त्यांच्या खांद्यापासून पायापर्यंत नीट घातलं. आजोबा ‘ता, लव्ह’ म्हणाले आणि खूश! तिला जे एका शब्दात कळलं ते मला कुठल्या पुस्तकात मिळणार होतं?

मी तयारी कमी केलेली नाही. वर्डलिस्ट पाठ आहेत. स्पर्धा परीक्षावाल्यांचं वाक्प्रचारांचं जाडजूड पुस्तक भावाकडून आणलं होतं, तेही संपवलं. त्यातलं फारच थोडं इथे कानावर पडतं, आणि जे पडतं ते त्यात नाही.

इथे बरीच जाणती माणसं आहेत म्हणून विचारते. हे रोजचं बोलणं शिकायचं कुठून? सारखं ‘सॉरी? पार्डन?’ केलं तर पेशंटचा विश्वास उडेल का? आणि मीही त्यांच्यासारखंच बोलायला लागायचं, की आपलं साधं इंग्रजीच बरं?

इंग्रजी_शिक्षक_कराड

प्राजक्ताताई, मी ज्युनिअर कॉलेजात इंग्रजी शिकवतो. वॉर्डाबद्दल मला सांगता येणार नाही, पण शब्दांबद्दल कळकळीने सांगतो. वाक्प्रचारांचं ते पुस्तक भावाला परत देऊन टाका आणि क्रियापदांना धरा. बोलीभाषेतल्या इंग्रजीचा भार कम, गो, गेट, पास, ब्रिंग अशा चिमुकल्या क्रियापदांवर आणि त्यांना चिकटणाऱ्या अप, ऑफ, आउट, राउंड यांच्यावर आहे. आपल्याकडे ‘लागणे’ आहे तसंच. भूक लागते, ठेच लागते, धाप लागते, डोळा लागतो, नोकरी लागते. मराठी शिकणाऱ्याने ‘लागणे’चा एकच अर्थ घोकला तर त्याचं अडणारच.

तुमच्या कामातलीच घ्या. भूल उतरून शुद्धीवर येणं म्हणजे कम राउंड. गोळीचा असर ओसरणं म्हणजे वेअर ऑफ. अन्नावरची वासना उडाली की ही हॅज गॉन ऑफ हिज फूड. कफ पडतो किंवा खाल्लेलं उलटून येतं तेव्हा ब्रिंग अप. अंगावर पुरळ उठलं तर कम आउट इन अ रॅश. एकट्या ‘पास’ची तऱ्हा बघा: पास वॉटर म्हणजे लघवी होणं, पास विंड म्हणजे वारा सरणं, पास आउट म्हणजे शुद्ध हरपणं आणि पास अवे म्हणजे देवाघरी जाणं. आपली मुलं ‘मी अमुक साली पासआउट झालो’ म्हणतात, ते तिकडे सांगितलं तर ऐकणाऱ्याला तुम्ही चक्कर येऊन पडलात असंच वाटेल.

शब्दकोश वापरायचा तर कोबिल्ड वापरा. बर्मिंगहॅम विद्यापीठात जॉन सिंक्लेअर यांच्या हाताखाली तयार होऊन तो १९८७ साली निघाला. प्रत्यक्ष वापरातलं इंग्रजी संगणकावर गोळा करून त्यावरून तो बनवला, आणि अर्थही सुटा शब्द देऊन नाही तर अख्ख्या वाक्यात सांगितलेला असतो. त्यामुळे शब्द कोणाच्या जोडीने बसतो हे लगेच कळतं.

सुनंदा_शेफील्ड

प्राजक्ता, तुला अगंतुगं करते, माझ्या धाकट्या बहिणीच्या वयाची असशील. मी सोलापूरची. २००३ साली आले तेव्हा ओस्की नव्हती, अ‍ॅडाप्टेशन म्हणून देखरेखीखाली काम करायचा काळ असायचा. तेव्हापासून शेफील्डच्याच आसपास आहे, त्यातही जास्त करून वृद्धांच्या वॉर्डात. त्यामुळे तुझे आजोबा मला अगदी समोर दिसले.

स्टार्व्हड म्हणजे इथल्या जुन्या लोकांच्या भाषेत थंडीने गारठलेला. तरुण पोरं तो उपाशी या अर्थानेच वापरतात, म्हणून बोलणाऱ्याचं वय बघायचं. स्पाइस म्हणजे इकडे गोळ्या-चॉकलेटं. मधुमेहाची आजी ‘आय ओन्ली हॅड अ बिट ऑ स्पाइस’ म्हणाली की मसाल्याचा विचार मनात आणू नकोस, शुगर तपास. नेश म्हणजे थंडी न सोसणारा, मार्डी म्हणजे चिडचिडा, रुसका. ‘शीज रीट बॅडली’ म्हणजे ती फार आजारी आहे. स्नॅप म्हणजे डबा. खाणकामगार पत्र्याच्या डब्यातून भाकरतुकडा न्यायचे, तो शब्द. हे असे शब्द ऐकता ऐकता रुळतात, त्यांची काळजी करू नकोस.

वेळेच्या शब्दांत मात्र ढिलाई चालणार नाही. इकडे डिनर म्हणजे दुपारचं जेवण आणि टी म्हणजे संध्याकाळचं. घरी इन्सुलिन कधी घेता विचारलंस आणि आजी ‘बिफोर मी टी’ म्हणाली (इथलं ‘मी’ म्हणजे ‘माय’), तर तो चहा नव्हे. आणि दुसरी पेशंट दक्षिणेकडची असली तर तिचं डिनर रात्रीचं असतं. म्हणून थेट घड्याळातली वेळ विचार आणि तीच लिही. हाफ सेव्हन म्हणजे साडेसात. ‘व्हाइल’ हा शब्द यॉर्कशायरमध्ये ‘पर्यंत’ या अर्थाने येतो: ‘आयम ऑन व्हाइल एट’ म्हणजे माझी ड्यूटी आठपर्यंत. ‘नथिंग टू ईट व्हाइल डॉक्टर्स बीन’ म्हणजे डॉक्टर येऊन जाईपर्यंत काही खायचं नाही. निल बाय माउथ, म्हणजे तोंडाने काहीही द्यायचं नाही अशा पेशंटच्या बाबतीत हे चुकून चालत नाही.

आता दुखण्याबद्दल. हे मी मुद्दाम सविस्तर लिहिते, कारण आपल्या मुलींना सगळ्यात अवघड हेच जातं. आपल्याकडे पेशंट दुखणं सांगताना हातचं राखत नाही. ठणकतंय, चमक मारते, कळ मस्तकात जाते, जीव जातो की काय असं होतं, सगळं तो भडाभडा सांगतो. इथली जुनी पिढी, त्यातून खाणीत नाहीतर पोलादाच्या कारखान्यात जन्म काढलेली माणसं, दुखणं आकसून सांगतात. ‘अ बिट सोर’, ‘नॉट सो बॅड’, ‘फेअर टू मिडलिंग’, ‘मस्टंट ग्रंबल’. शब्द ऐकून तू चार्टवर ‘पेन नाही’ लिहिलंस तर तो माणूस रात्रभर दात आवळून पडून राहील आणि बेल काही दाबणार नाही. त्याचा अभिमान आहे तो, त्याचा मान राखूनच विचारायचं. शून्य ते दहामधला आकडा विचार, पण निवांत पडलेला असताना नव्हे. कूस बदलताना, खोकताना, उठून बसताना विचार. चेहरा बघ. चादर मुठीत धरली आहे का बघ. ‘बिट सोर’ म्हणत म्हणत आठ सांगणारी कितीतरी माणसं मी पाहिली आहेत. आणि ‘इट्स गिव्हिंग मी सम जिप’ कानावर आलं तर समजून जा, चांगलंच छळतंय.

दुसरी गोष्ट नातेवाइकांच्या बोलण्याची. एका आजीची लेक रोज संध्याकाळी भेटायला यायची. आजी मोठ्या गप्पिष्ट, शब्दकोडं सोडवणाऱ्या. एकदा ती लेक कोट घालत, जाता जाता, हसतच मला म्हणाली, ‘शीज अवे विथ द फेअरीज टुडे, मी मम.’ शब्दशः ऐकलं तर पऱ्यांच्या देशात गेलीय, लाडाचं बोलणं. पण अर्थ असा की माणूस भानावर नाही, भलतंच काहीतरी बोलतोय. मी तिला थांबवून विचारलं, काल कशा होत्या? म्हणाली, ‘शार्प अ‍ॅज अ टॅक.’ म्हणजे काल तल्लख होत्या, आज नाहीत. गोंधळ नवा आहे!

पेशंट बिघडतोय का ते गुणांनी मोजणारा न्यूज-टूचा तक्ता तुला माहीतच आहे, रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१७ साली सुधारून काढलेला. त्यात नव्याने आलेल्या गोंधळाला एकदम तीन गुण आहेत, आणि एकाच रकान्यात तीन आले की बाकी सगळं ठीक असलं तरी तातडीने येऊन बघायला लावायचं. आजींची नाडी, बीपी, सॅट्स (रक्तातला ऑक्सिजन), टेंपरेचर, काहीही बिघडलेलं नव्हतं. डॉक्टरांना बोलावलं, ब्लॅडर स्कॅन केला तर लघवी तुंबलेली निघाली. कॅथेटर घातला, आणि एक-दोन दिवसांत आजी परत कोड्याला लागल्या. म्हाताऱ्या माणसाचं भान जातं तेव्हा मागे इन्फेक्शन असतं, तुंबलेली लघवी असते, बद्धकोष्ठ असतं, पाणी कमी पडलेलं असतं, आणि त्याची पहिली खबर बऱ्याचदा मशीन देत नाही, घरचं माणूस देतं. तेही अशा गोड शब्दांत. म्हणून ‘नॉट हर्सेल्फ’, ‘नॉट विथ इट’, ‘टॉकिंग डाफ्ट’, ‘अवे विथ द फेअरीज’ यातलं काहीही ऐकलं की हातातलं काम ठेव आणि कालची स्थिती विचार. मी नव्या मुलींना इंग्रजीचं एकच काही शिकवायचं ठरवलं तर हेच शिकवीन.

‘फनी टर्न’ याच जातीचा. घेरी, चक्कर, डोळ्यापुढे अंधारी, मिनिटभर बोलता न येणं, सगळ्याला फनी टर्नच म्हणतात. तिथे थांबायचं नाही. पडलात का, शुद्ध गेली का, तोंड वाकडं झालं का, हात लुळा पडला का, एकेक विचारून घ्यायचं. पिन्स अँड नीडल्स म्हणजे आपल्या मुंग्या. आणि लाजेपायी फिरवून बोललेले शब्द ओळखून ठेव: वॉटरवर्क्स म्हणजे लघवीचं काहीही, बॅक पॅसेज म्हणजे गुदद्वार, स्पेंड अ पेनी म्हणजे लघवीला जाणं. पूर्वी सार्वजनिक शौचालयाच्या दाराला पेनी टाकल्याशिवाय कडी उघडत नसे, तिथून तो आला.

काही शब्द आपल्या तोंडचे सोडावे लागतात. पेशंट ‘एक्स्पायर’ झाला असं इथे नातेवाइकांना कधीही सांगू नकोस, एक्स्पायर दूध होतं, औषध होतं. माणूस ‘हॅज डाइड’, स्पष्ट आणि हळू आवाजात. ‘मोशन झालं का’ ऐवजी ‘हॅव युअर बॉवेल्स ओपन्ड’. शिरेत घालायच्या नळीला इंट्राकॅथ म्हटलंस तर कोणाला कळणार नाही, कॅन्युला म्हण. सिस्टर म्हणजे इथे वॉर्डाची प्रमुख, प्रत्येक नर्स नव्हे.

तुझा तिसरा प्रश्न, त्यांच्यासारखं बोलायचं का. त्यांचा हेल काढायची गरज नाही, साधं इंग्रजी उत्तम. फक्त ‘पॉप’ उचल. ‘पॉप युअरसेल्फ ऑन द बेड’, ‘आयल जस्ट पॉप धिस ऑन युअर फिंगर’. आपण हुकमासारखं बोलतो असं इथल्या लोकांना उगीच वाटतं, कारण मराठीतली विनंती क्रियापदाच्या शेवटात असते, ‘बसा’, ‘घ्या ना’, ती इंग्रजीत गळून पडते. पॉप, जस्ट, फॉर मी असे शब्द ती भरपाई करतात. सुई टोचताना ‘शार्प स्क्रॅच’ म्हण, सगळे तेच म्हणतात आणि पेशंटला त्याची सवय असते.

परत विचारल्याने विश्वास उडत नाही गं, पण ‘पार्डन’ म्हणू नकोस, कारण मग ते तेच वाक्य मोठ्याने म्हणतात. कळलेला अर्थ विचार: ‘डू यू मीन यू आर कोल्ड?’ हो किंवा नाही येतं, आणि बहुतेक वेळा पाठोपाठ अर्थही येतो. युनिफॉर्मच्या खिशात छोटी वही ठेव. सुटा शब्द लिहू नकोस, अख्खं वाक्य लिही, आणि म्हणणारा तरुण की म्हातारा, काय चालू होतं तेवढं. पेशंटचं नाव मात्र चुकूनही नको. ब्रेकमध्ये वही त्या हेल्थकेअर असिस्टंटपुढे उघड. तिच्याइतकी चांगली मास्तरीण तुला पैसे मोजून मिळणार नाही. येता-जाता बीबीसी रेडिओ शेफील्ड ऐक, विशेषतः लोक फोन करून बोलतात ते कार्यक्रम. बातम्या नकोत, त्या तुला आधीच कळतात.

ग्लासगोवाला_गणेश

सुनंदाताईंचं वाचून राहवलं नाही. मी ग्लासगोत फार्मसीच्या काउंटरवर आहे. ताई म्हणतात ते शंभर टक्के खरं, पण यॉर्कशायरचं शिकलेलं इकडे उपयोगी पडत नाही. इथे पांढराफटक पडलेला माणूस पीली-वॉली, काख म्हणजे ऑक्स्टर, उमासे येणं म्हणजे बोक, लहान मूल म्हणजे वेन. ‘व्हेअर डू यू स्टे?’ म्हणजे घर कुठे. मेसेजेस आणायला जातो म्हणजे वाणसामान आणायला जातो. आउटविथ हा शब्द तर सरकारी पत्रातही येतो, ‘च्या बाहेर’ या अर्थाने.

प्राजक्ताताई, औषधांचीही घरगुती नावं गोळा करा. वॉटर टॅब्लेट म्हणजे लघवी वाढवणारी गोळी. ‘समथिंग टू कीप मी रेग्युलर’ म्हणजे पोट साफ होण्याचं. पेशंट औषधाचं खरं नाव क्वचितच सांगतात. मी तर सरळ डबी दाखवा म्हणतो.

मिरजेची_प्राजक्ता

ताई, सर, गणेशदादा, सगळ्यांचे मनापासून आभार. आज त्या आजोबांना स्टार्व्हडबद्दल विचारलं. त्यांनी तो तर सांगितलाच, वर पिटमधले, म्हणजे खाणीतले, आणखी कितीतरी शब्द सांगितले. सांगायला कोणीतरी मिळालं म्हणून तेच जास्त आनंदात होते. वही सुरू केली आहे. आणि कूस बदलताना आकडा विचारायचं तर लगेच अमलात आणलं. एका काकूंनी पडल्या पडल्या दोन सांगितला होता, उठवताना सात!

अजून एक विचारू? हँडओव्हर, म्हणजे ड्यूटी बदलताना पेशंटची माहिती सोपवणं, फार भरभर होतो. ‘टच अँड गो’, ‘ऑन द मेंड’, ‘किक्ड ऑफ’ असं एकामागून एक येतं, मी एक समजून घेईपर्यंत पुढचा पेशंट सुरू. आणि नातेवाइकांचे फोन आले की पोटात गोळा येतो.

सुनंदा_शेफील्ड

हँडओव्हरचे शब्द मोजके आहेत, त्यांचे तीन ढीग कर. सुधारतोय: ऑन द मेंड, पर्किंग अप, पिकिंग अप, बॅक टू हिज ओल्ड सेल्फ. बिघडतोय: गोइंग डाउनहिल, टेकन अ टर्न, टच अँड गो म्हणजे अगदी काठावर, नॉट आउट ऑफ द वुड्स म्हणजे धोका टळलेला नाही. वागणूक: किक्ड ऑफ म्हणजे आरडाओरडा, अंगावर जाणं, अप अँड डाउन ऑल नाइट म्हणजे रात्रभर ऊठबस, सेटल्ड म्हणजे शांत. दुसऱ्या ढिगातलं काही ऐकलंस तर तिथल्या तिथे विचार, ‘व्हॉट्स द न्यूज स्कोअर?’ हे विचारणं नर्सचं कामच आहे, इंग्रजी कच्चं म्हणून विचारतेय असं कोणालाही वाटणार नाही.

फोनवर चेहरा दिसत नाही म्हणून जड जातं. आधी नाव आणि नातं विचारून लिहून घे, पेशंटने कोणाला काय सांगायची परवानगी दिली आहे ते बघ, मग बोल. नंबर, वेळ, औषध, जे ऐकलंस ते परत म्हणून दाखव. डॉक्टरांना फोन करायचा असला तर एसबार, म्हणजे परिस्थिती, पार्श्वभूमी, तुझं मूल्यमापन आणि काय हवंय, कागदावर चार ओळींत मांडून मगच फोन उचल. मी अजूनही तसंच करते.

आणि हे सगळे शब्द कानासाठी आहेत, नोट्ससाठी नाहीत. एनएमसीच्या कोडमध्ये नोंदींबद्दल स्पष्ट आहे: नेमकं लिहा, उगाच संक्षेप, जार्गन म्हणजे धंद्यातले खास शब्द, अंदाज नकोत. पेशंट जे म्हणाला ते अवतरणात जसंच्या तसं, ‘फनी टर्न’ तर ‘फनी टर्न’, आणि त्यापुढे तू पाहिलंस ते साध्या इंग्रजीत: किती वाजता, किती मिनिटं, शुद्धीवर होता की नाही, नाडी किती, बीपी किती, कोणाला कळवलं. पहिल्या काही नोंदी लिहून झाल्या की पेशंटची ओळख काढून मला मेसेजमध्ये पाठव, बघून देते.